पॅनलमधली आग पॅनलमध्येच विझवायची तर: सोसायट्या आणि गाळेवाल्यांसाठी पायरी-पायरीने

सोसायटीच्या कमिटीवर नव्याने आलेल्या माणसापुढे पहिल्या काही मीटिंगांतच एक कोटेशन येतं: ‘इलेक्ट्रिकल पॅनलसाठी ऑटोमॅटिक फायर सप्रेशन’. सोबत फोटो. त्यात एक छोटा लाल सिलिंडर, त्यातून निघालेली बॉलपेनच्या जाडीची नळी आणि एक गेज. आकडा वाचून कोणीतरी विचारतंच, "हे खरंच लागतं का हो? बाहेर एक्स्टिंग्विशर टांगलाय की."

लागतं. पण प्रत्येक डब्याला लागत नाही, आणि सगळ्यात आधी तर नाहीच. हा लेख तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे: कमिटीवाले, मुंबईत मरोळ-साकीनाक्याच्या गाळ्यांत मशीन चालवणारे, आणि मेंटेनन्सला नवीन लागलेली मुलं, ज्यांना कोणी काही समजावून सांगत नाही, फक्त "तो सिलिंडर हलवू नकोस" एवढंच सांगतात.

बाहेर टांगलेला एक्स्टिंग्विशर का पुरत नाही

पॅनलची आग बहुतेक वेळा एखाद्या सैल जोडापासून सुरू होते. केबलच्या टोकाचा धातूचा लग नीट क्रिंप झालेला (दाबून पक्का बसवलेला) नसतो, किंवा बोल्ट वर्षानुवर्षं गरम-गार होऊन ढिला पडलेला असतो. ढिल्या जोडाचा रोध वाढतो, तिथे उष्णता होते, उष्णतेने जोड आणखी बिघडतो, आणि हे चक्र महिनोन् महिने गुपचूप चालतं. मुंबईत याला दोन गोष्टींची जोड मिळते. समुद्राच्या खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. दुसरं म्हणजे लोड. ज्या इमारतीचा पॅनल पंखे-ट्यूबलाइटच्या जमान्यात बसवला, तिच्यात आज घरटी दोन-तीन एसी आहेत.

शेवटी वायरचं पीव्हीसी वितळतं, धुरकटतं, पेटतं. हे सगळं बंद दाराच्या आत घडतं. छतावरच्या स्मोक डिटेक्टरला धूर दाराच्या फटीतून बाहेर आल्यावर कळतो. स्प्रिंकलरचा लाल बल्ब फुटायला त्याच्याभोवतीची हवा ६८ अंश सेल्सिअसला जावी लागते, म्हणजे तोवर खोलीच तापलेली असते. आणि एक्स्टिंग्विशर उचलणारा माणूस? रात्री अडीचला वॉचमनने धुराने भरलेल्या मीटर रूममध्ये शिरून, चालू विजेच्या पॅनलचं दार उघडून गॅस मारावा, अशी अपेक्षाच चुकीची आहे. दार उघडलं की आत ताजी हवा जाते आणि त्याच्या तोंडावर भडका येतो.

म्हणून आग ओळखणं आणि विझवणं, दोन्ही डब्याच्या आतच व्हायला हवं. या यंत्रणेमागचा सगळा विचार एवढाच आहे.

पायरी १: वही घेऊन फिरा

कोणत्याही एजन्सीला फोन करण्याआधी इमारतीत एक फेरी मारा. मीटर रूम, मेन पॅनल, पंप रूमचा स्टार्टर पॅनल, लिफ्ट मशीन रूम, डीजी सेट (जनरेटर) आणि तो आपोआप सुरू करणारा एएमएफ पॅनल, गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर, पार्किंगमधले नवे ईव्ही चार्जर. प्रत्येकापुढे लिहा: लांबी-रुंदी-उंची किती, दार नीट बंद होतं का, जाळ्या किंवा पंखा आहे का, केबल खालून येते की वरून, आणि हा डबा कोणाच्या मालकीचा.

मालकीचा मुद्दा मुंबईत फार महत्त्वाचा आहे. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. पुरवठादार कोणीही असो, मीटर आणि त्याच्या आधीचा सील केलेला भाग त्यांचा. तिथे भोक पाडणं, नळी घालणं, सील हलवणं तुमच्या हातात नाही. त्या भागात काही करायचं असेल तर आधी कंपनीला लेखी कळवा, त्यांचा माणूस येऊ द्या. मीटरनंतरचं वायरिंग आणि पॅनल मात्र सोसायटीची जबाबदारी.

याच फेरीत मीटर रूममध्ये काय काय साठवलंय तेही पाहा. मोडक्या सायकली, रंगाचे डबे, गणपतीचं मखर, दिवाळीच्या कंदिलांची खोकी, वॉचमनची गादी. यातलं एकही तिथे राहता कामा नये. पॅनलमधली आग पॅनलमध्ये राहिली तर नुकसान एका पॅनलचं. तीच थर्माकोलच्या मखराला लागली तर धूर जिन्यातून वरच्या मजल्यापर्यंत जातो, आणि माणसं धुराने गुदमरतात. मीटर रूम रिकामी करायला एक रविवार आणि थोडा वाईटपणा घ्यायची तयारी लागते. गॅस सिलिंडरपेक्षा हे कितीतरी स्वस्त.

पायरी २: आधी पॅनल दुरुस्त, मग सिलिंडर

ही पायरी गाळली जाते, कारण हिचं कोटेशन कोणी आणून देत नाही. लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून पॅनलची थर्मोग्राफी करून घ्या. म्हणजे थर्मल कॅमेऱ्याने प्रत्येक जोडाचं तापमान पाहणं. हे काम पूर्ण लोडवरच व्हायला हवं. सोसायटीत पूर्ण लोड म्हणजे मे महिन्यातली रात्र, जेवणं उरकून सगळ्यांचे एसी सुरू झाल्यावर. सकाळी अकराला कॅमेरा घेऊन आलेला माणूस छान निळे-हिरवे फोटो काढून जाईल आणि त्यातून काहीच कळणार नाही.

फोटो पाहताना तीन फेजांची आपसांत तुलना करा. दोन लग सारखेच कोमट आणि तिसरा ठळकपणे गरम, तर गडबड त्या तिसऱ्या जोडात. तिन्ही सारखेच तापलेले असतील तर लोड जास्त आहे किंवा केबल बारीक आहे. अ‍ॅल्युमिनियम केबल तांब्याच्या बसबारवर (वीज वाहून नेणाऱ्या पट्टीवर) थेट कसलेली असेल तर बायमेटल, म्हणजे दोन्ही धातूंचा लग घालून घ्या. बोल्ट टॉर्क रेंचने कसायला सांगा. "हाताला घट्ट लागतंय" हे माप नव्हे.

मग खालची ग्लँड प्लेट, म्हणजे केबल आत येतात तो पत्रा, पाहा. जुन्या पॅनलला खाली हातभर भोक असतं, त्यातून पाच-सहा केबल ग्लँडशिवाय (केबल घट्ट धरणाऱ्या कड्याशिवाय) आत शिरलेल्या असतात. ही भोकं बुजवायची: ग्लँड लावून, उरलेली जागा फायर सीलंटने भरून. उंदीर, झुरळं आणि पावसाळी दमटपणा यांचा रस्ता त्याने बंद होतो. शिवाय उद्या गॅस सुटला तर तो आत टिकतो. मजल्यामजल्यांतून वर जाणाऱ्या इलेक्ट्रिकल डक्टचंही असंच. प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी तो फायरस्टॉपने बंद असायला हवा, नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्येही ते आहे. प्रत्यक्षात अनेक इमारतींत तो तळापासून गच्चीपर्यंत धुराड्यासारखा मोकळा असतो.

तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये पाणी शिरत असेल तर त्याचा विचारही आत्ताच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर अनेक सोसायट्यांनी पॅनल उंच चौथऱ्यावर घेतले. ज्यांनी घेतले नाहीत त्यांनी आधी चौथरा बांधावा. ओल्या पॅनलला कोणताही गॅस वाचवत नाही.

पायरी ३: कोणत्या जातीची यंत्रणा

बाजारात चार जाती दिसतील.

पहिली, सरळ नळीवाली. पॅनलच्या आत वरच्या बाजूने एक खास प्लॅस्टिकची नळी फिरवलेली असते, तिच्यात दाबाखाली वायू भरलेला. नळीचा कुठलाही भाग ठरावीक तापमानाला पोचला, बहुतेक नळ्यांत साधारण ११० अंशांच्या आसपास, की तिथेच ती फुटते आणि सिलिंडरमधला गॅस त्या भोकातून थेट आगीवर येतो. वीज नको, बॅटरी नको, सेन्सर नको. छोट्या-मध्यम पॅनलसाठी मला हीच पसंत आहे. बिघडण्यासारखं फार थोडं आहे तिच्यात, आणि जिथे वायरमन महिन्यातून एकदा डोकावतो तिथे हाच मोठा गुण.

दुसरी, आडवळणाची. नळी तीच, पण तिचं काम फक्त आग ओळखणं. नळी फुटून दाब गेला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि गॅस वेगळ्या पाइपातून, नॉझलमधून सुटतो. मोठे पॅनल, अनेक कप्पे, डीजी सेटचं कॅनोपी, सीएनसी मशीनचं आतलं दालन, अशा ठिकाणी ही लागते, कारण एका छोट्या भोकातून पुरेसा गॅस वेळेत बाहेर पडत नाही. नळीवाल्या दोन्ही जातींची एक खोड लक्षात ठेवा: आग नसतानाही नळी कापली गेली, तरी त्यांना वाटतं आग लागली. रंगारी, केबल टीव्हीवाला, सीसीटीव्हीवाला, यांना पॅनलच्या आसपास एकटं सोडू नका.

तिसरी, एरोसॉल. हातात मावणारा डबा. पेटला की पोटॅशियमच्या क्षारांचा अतिसूक्ष्म धूर सोडतो आणि तो ज्वाळेची रासायनिक साखळी तोडतो. दाबाचा सिलिंडर नसतो, जागा कमी लागते. पण सुटताना त्याचं तोंड चांगलंच तापतं, म्हणून समोर किती मोकळी जागा ठेवायची हे उत्पादकाच्या पत्रकात पाहावंच लागतं. मागे बारीक पूड राहते. दमट हवेत ती तशीच सोडली तर बसबार गंजतात, त्यामुळे सुटल्यावर सफाई लवकर हवी.

चौथी, छताला टांगलेला गोल मॉड्यूलर. खाली काचेचा बल्ब, बहुधा लाल, म्हणजे ६८ अंशांचा. मुंबईच्या मीटर रूममध्ये हा सर्रास दिसतो. मीटर उघड्या फळीवर रांगेने लावलेले असतील, बंद डबाच नसेल, तर नळीवाल्या यंत्रणेला काही अर्थ नाही. तिथे हा किंवा पूर्ण खोलीची गॅस यंत्रणा, हेच पर्याय. मात्र हा बसवला की पॅनल सुरक्षित झाला असं समजू नका. त्याला बंद दाराच्या आतली आग दिसत नाही.

पायरी ४: आत भरायचं काय

कोटेशनमध्ये सर्वांत स्वस्त पर्याय बहुतेकदा एबीसी पावडरचा. आग ती विझवते, शंका नाही. पण मोनोअमोनियम फॉस्फेटची ती पिवळसर पूड ब्रेकरच्या कॉन्टॅक्टमध्ये, रिलेत, मीटरच्या फटीत शिरते, दमट हवेत ओलावा धरते आणि गंज चढवते. पंप रूमच्या साध्या स्टार्टरला ती चालेल. लिफ्टच्या कंट्रोलरला, व्हीएफडीला (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाला), सर्व्हर रॅकला नको. वाचवलेले पैसे कार्ड बदलण्यात जातात.

कार्बन डायऑक्साइड काही मागे सोडत नाही, पण त्याचं प्रमाण भरपूर लागतं, ३४ टक्के आणि त्यापुढे. हवेत तो दहा टक्क्यांच्या वर गेला तरी माणूस बेशुद्ध पडू शकतो. माणूस आत शिरू शकेल अशा बंद खोलीत तो आपोआप सुटणारा लावूच नका. शिवाय ३१ अंशांच्या वर त्याचा द्रव राहत नाही आणि सिलिंडरमधला दाब झपाट्याने वाढतो. मुंबईत वर्षातले बरेच महिने दुपारचा पारा त्याच्या वर जातो, म्हणून हा सिलिंडर गच्चीच्या पत्र्याखाली उन्हात ठेवायचा नाही.

उरतात ते ‘क्लीन एजंट’. एचएफसी-२२७ईए, म्हणजे बाजारातला एफएम-२००, आणि एफके-५-१-१२, ज्याला अजूनही सगळे नोव्हेक १२३० म्हणतात. दोन्ही वीज वाहत नाहीत, पूड सोडत नाहीत. पहिल्याची अडचण हवामानाची: त्याची तापमानवाढ करण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजार पटींहून जास्त. मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीखाली जगभर असे वायू कमी करत न्यायचे आहेत आणि भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. दुसऱ्याची ही क्षमता एकाहून कमी. तो साध्या तापमानाला द्रव असतो आणि ४९ अंशांच्या आसपास उकळतो. नोव्हेक नावाचा मूळ उत्पादक थ्रीएम, त्याने २०२५ अखेर या जातीची रसायनं बनवणं थांबवण्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं. एफके-५-१-१२ इतर कंपन्याही बनवतात. म्हणून कोटेशनवर ‘नोव्हेक’ वाचून थांबू नका. रसायन कोणाचं, त्याचं प्रमाणपत्र कुठलं, आणि पाच वर्षांनी रिफिल कुठून मिळेल, हे तिन्ही लेखी मागा.

आज नवा बसवायचा तर पॅनलसाठी मी एफके-५-१-१२ निवडेन.

पायरी ५: गणित स्वतः करून बघा

एजन्सी आकडा देईल, पण ताळा तुमच्याकडे हवा. पॅनलची बाहेरची मापं मीटरमध्ये घ्या आणि गुणा. १.२ रुंद, ०.६ खोल, २ उंच, म्हणजे १.४४ घनमीटर. आतल्या ब्रेकरचं आकारमान वजा करू नका. २० अंश तापमान धरून एफके-५-१-१२ ला घनमीटरमागे साधारण ०.८ ते ०.९ किलो लागतो, म्हणजे या पॅनलला सव्वा किलोच्या आसपास. एचएफसी-२२७ईए घनमीटरमागे ०.६ ते ०.७५ किलोत भागतो. हे गळती नसलेल्या डब्याचे आकडे. जाळ्या असतील तर जास्त, आणि पंखा चालूच राहणार असेल तर कितीही घातला तरी कमी. गॅस सुटताच पंखा बंद व्हायला हवा.

१.४४ घनमीटरच्या पॅनलला कोणी अर्धा किलोचा सिलिंडर देऊ करत असेल तर तो शोभेची वस्तू विकतोय. उलट पाच किलोचा देत असेल तर कशासाठी ते विचारा. कदाचित जाळ्यांसाठी असेल, कदाचित तसाच.

पॅनलला कप्पे असतील तर मधल्या भिंती खरंच बंद आहेत का पाहा. बसबार चेंबर आणि फीडर कप्पे (पुढे वीज नेणाऱ्या लाइनींचे) आतून जोडलेले असतील तर सगळं मिळून एकच आकारमान. पूर्ण वेगळे असतील तर नळी प्रत्येकातून फिरायला हवी.

पायरी ६: वीज तोडा, नाहीतर सगळं फुकट

या लेखातली एकच पायरी वाचायची असेल तर ही वाचा. गॅस ज्वाळा विझवतो. सैल जोडातून चाललेला करंट त्याला थांबवता येत नाही. ज्वाळा विझते, पण लग लालबुंदच राहतो. दोन-चार मिनिटांनी गॅस फटींतून निघून जातो, हवा आत येते आणि वितळलेलं पीव्हीसी पुन्हा पेटतं. तोवर सिलिंडर रिकामा. गॅस सुटला की वीज आपोआप तुटली पाहिजे, म्हणजे नळीवर किंवा सिलिंडरवर प्रेशर स्विच हवा आणि त्याची वायर ब्रेकरच्या शंट ट्रिपला (सिग्नल आला की ब्रेकर पाडणाऱ्या कॉइलला) गेली पाहिजे. कोटेशनमध्ये हा स्विच बऱ्याचदा ‘ऑप्शनल’ म्हणून शेवटच्या ओळीत असतो. तो ऑप्शनल नाही.

आता खरा विचार: कुठला ब्रेकर? त्याच पॅनलमधला इनकमर (वीज आत घेणारा मुख्य ब्रेकर) ट्रिप केला तर त्याच्या खालचं सगळं मरतं, पण इनकमरच्या वरच्या टोकाला येणारी केबल जिवंतच राहते. आणि सर्वांत तापणारा जोड अनेकदा तोच असतो. म्हणून ट्रिप एक पायरी वर, पॅनलच्या बाहेरच्या ब्रेकरला द्यायला हवी. सोसायटीत त्याच्या वर पुरवठादाराचा कटआउटच असेल तर इनकमर वेगळ्या डब्यात काढता येतो का, हे कॉन्ट्रॅक्टरला विचारा. खर्चिक काम आहे, पण पॅनल बदलायचाच असेल तर त्याच वेळी करून घ्या.

दुसरं, डीजी सेट. मेन गेली की एएमएफ पॅनल थोड्याच वेळात जनरेटर सुरू करतो आणि त्याच जळक्या पॅनलला मागच्या दाराने वीज देतो. प्रेशर स्विचचा सिग्नल डीजीच्या स्टार्टलाही अडवायला हवा. तसंच यूपीएस, एपीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या) पॅनलमधले कपॅसिटर, सोलर. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर थांबतो, पण गच्चीवरून येणारी डीसी केबल ऊन असेपर्यंत जिवंतच असते. तिचा आयसोलेटर कुठे आहे ते वॉचमनला दाखवून ठेवा.

तिसरं, याच्या अगदी उलटं. फायर पंप आणि फायर लिफ्ट या ट्रिपमध्ये येता कामा नयेत. त्यांचा पुरवठा मेन ब्रेकरच्या आधी, वेगळा घेतलेला असायला हवा. नसेल तर पॅनल वाचवण्याच्या नादात तुम्ही फायर ब्रिगेडचं पाणी बंद कराल.

पायरी ७: बसवताना उभे राहा

पूर्ण शटडाउन घेऊनच काम होऊ द्या. लोकांना दोन दिवस आधी नोटीस लावा, लिफ्टमध्येसुद्धा. "चालू लाइनमध्ये करतो साहेब, सवय आहे" म्हणणाऱ्याला घरी पाठवा.

नळी पॅनलच्या वरच्या भागात, ब्रेकर आणि लगच्या माथ्यावरून जायला हवी, कारण उष्णता वर चढते. इनकमरवरून नक्की. ती बसबारला, तापणाऱ्या रेझिस्टरला किंवा ट्रान्सफॉर्मरला टेकता कामा नये. नेहमीच तापणाऱ्या भागाजवळ ती वेळेआधी म्हातारी होते. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रॉमेट. वळण गोलसर, चिमटलेलं नको. दार उघड-बंद करून बघा, नळी कुठे दबते का. सिलिंडर पॅनलच्या बाहेर, ब्रॅकेटवर, उभा, जमिनीपासून उंच. सरळ नळीवाल्या प्रकारात सिलिंडर आडवा लावला तर द्रव नळीत नीट जात नाही.

शेवटी नळीत नायट्रोजन भरतात, टोकाच्या गेजवर दाब पाहतात, जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघतात. नंतर सिलिंडर आणि नळी यांच्यामधला बॉल व्हॉल्व्ह हळूच उघडतात. हा शेवटचा व्हॉल्व्ह. त्याचं हँडल नळीच्या दिशेत असेल तर उघडा, आडवं असेल तर बंद. बंद राहिला तर गेज हिरव्यात दिसतं, सिलिंडर भरलेला असतो, आणि आग लागली की नळी फुटून फक्त मूठभर नायट्रोजन बाहेर येतो. एजन्सीचा माणूस निघण्याआधी त्या हँडलचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढा.

पायरी ८: खरा गॅस न सोडता चाचणी

गॅस सोडून दाखवायचा आग्रह धरू नका, तो परत भरायला पैसे पडतात. प्रेशर स्विच मात्र खराखुरा चालवून पाहायचा: सिग्नल दिला की ब्रेकर पडतो का, पंखा थांबतो का, हूटर वॉचमन केबिनमध्ये ऐकू येतो का, डीजी सुरू व्हायचा थांबतो का. चारही गोष्टी डोळ्यांदेखत.

कागद घेताना: पॅनलचं आकारमान आणि गॅसचं गणित, नळीचा आराखडा, सिलिंडरवर कोरलेला नंबर आणि पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेची मान्यता, भरलेलं आणि रिकामं वजन. एजन्सी महाराष्ट्र अग्निशमन सेवेची लायसन्सधारक असावी, कारण २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली बसवल्याचा फॉर्म ए आणि दर जानेवारी-जुलैला यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी लागतो. सोसायटी फॉर्म बी देतच असेल, तर या यंत्रणेचा उल्लेख त्यात येतोय ना, हे पाहा.

पायरी ९: देखभाल

महिन्यातून एकदा गेज आणि व्हॉल्व्हचं हँडल. त्याला दोन मिनिटं पुरतात, वॉचमनलाही शिकवता येतं. सहा महिन्यांनी सिलिंडरचं वजन. गॅस ५ टक्क्यांहून जास्त कमी झाला असेल, किंवा तापमान लक्षात घेऊन दाब १० टक्क्यांहून जास्त उतरला असेल, तर रिफिल. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा गेजवर भरवसा नाही, तिथे वजनच. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) माणसाकडे वजनकाटा नसेल तर त्याने तपासणी केलेली नाही, फक्त टॅगवर तारीख लिहिली आहे.

पावसाळ्याआधी पॅनलचे जोड पुन्हा कसून घ्या आणि थर्मोग्राफीचे नवे फोटो जुन्यांशेजारी ठेवून बघा. पॅनलमध्ये नवा फीडर घातला, जाळी कापली, केबल वाढवली, तर पायरी ५ चं गणित पुन्हा.

पायरी १०: सुटलाच तर

हूटर वाजला की दार उघडू नये, हे वॉचमनला मराठीत आणि हिंदीत, दोन्ही भाषांत पॅनलवर चिकटवून सांगा. वीज तुटली का ते बाहेरच्या ब्रेकरवर पाहायचं. १०१ ला फोन, मग वीज कंपनीच्या तक्रार क्रमांकाला. धूर कमी दिसला तरी दार किमान पंधरा-वीस मिनिटं बंदच. क्लीन एजंट आगीच्या उष्णतेने फुटले की हायड्रोजन फ्लोराइडसारखा जळजळ करणारा वायू बनतो. तो नाकाडोळ्यांना झोंबतो, फुफ्फुसालाही इजा करतो. खोलीची दारं-खिडक्या आधी मोकळी, मग पॅनल, आणि तेही फायर ब्रिगेडने हो म्हटल्यावर.

रहिवाशांचे फोन लगेच सुरू होतील: "लाइट कधी येणार?" लिफ्ट बंद, पंप बंद, फ्रीजमधलं दूध. तरीही मेगर या मापयंत्राने इन्सुलेशन तपासल्याशिवाय आणि जळलेला जोड कापून नवा केल्याशिवाय ब्रेकर वर करायचा नाही. दोन फीडर वाचले असतील तर कॉन्ट्रॅक्टर तात्पुरती जोडणी देऊ शकतो, तशी लेखी मागा. फुटलेली नळी तुकडा जोडून वापरत नाहीत, पूर्ण बदलतात. सिलिंडर रिफिलला गेला की पॅनल तितके दिवस संरक्षणाविनाच असतो, म्हणून एएमसीच्या करारात तात्पुरत्या सिलिंडरचं कलम आधीच घालून घ्या. ते नसेल तर रिफिल होईपर्यंत मीटर रूमबाहेर दोन कार्बन डायऑक्साइडचे एक्स्टिंग्विशर आणि रात्रपाळीला एक जादा माणूस ठेवा.